तीन तारखेचा आकडा

येळगव्हाण उपकेंद्र, जि. जालना
१२ जून २००६

कौसल्ये,

जयभीम. आधी पत्र सगळं वाच, मंग नाक मुरड. तुझी ही सवय मला ट्रेनिंगच्या खोलीपासून ठाऊक आहे, तेवीस वर्षं झाली त्याला.

तर बाई, तुझ्या मैत्रिणीला मोबाईल मिळालाय! माझा न्हाई, सरकारी. आमच्याकडच्या बावीस नर्सबायांना वाटले, प्रयोग म्हणून. तुमच्या भोकरदनकडं अजून वर्षभर तरी येत न्हाईत म्हणे, तवर जळत बस. काम असं, की गरोदर बाई तपासली की तिचा नंबर दाबायचा, मंग वजन, बीपी, रक्त, झालं. मेसेज ऑफिसातल्या संगणकात जातो. सगळं ठीक असलं तर तिच्या नावापुढं हिरवा ठिपका, गडबड असली तर लाल. लाल झालं की डॉक्टरांच्या फोनवर आपोआप मेसेज, अन् जीप निघते. अकरा रजिस्टरं बगलेत मारून महिन्याच्या मीटिंगला जायचं, तिथं बसून आकडे जुळवायचे, ती सगळी कटकट संपली बघ.

तुला खोटं वाटंल म्हणून सांगते. गेल्या मंगळवारी वसंता गिरीच्या बायकोचं बीपी दीडशेच्या वर लागलं. मी शाळेच्या गच्चीवर चढले, कारण रेंज फक्त तिथंच सापडते, तीबी टाकीला खेटून उभं राह्यलं तर. मेसेज टाकला अन् चाळीस मिनिटांत शिवाजी ड्रायव्हर जीप घेऊन दारात! पयले काय व्हायचं? चिठ्ठी लिहायची, कुणाच्या तरी हातात द्यायची, तो बाबा मंठ्याच्या बाजारात चहा पिऊन चिठ्ठी खिशात विसरायचा. आता वसंताची बायको घरी आली, लेकराला मांडीवर घेऊन मला हात जोडून राह्यली. मी गच्चीला हात जोडले.

एकच खोड आहे. या फोनवर बाहेरून कुणाचा फोन लागत न्हाई, अन् आपल्यालाबी डॉक्टर सोडून दुसऱ्या कुणाला लावता येत न्हाई. म्हणून तुला आपलं हे निळं पत्रच.

अन् तुझी लेक. पंचशीला काल सासूबरोबर केंद्रात आल्ती. पाचवा लागला. बीपी ११८/७६, वजन ४६, रक्त दहा. तिला मी माझ्या फोनात पयला नंबर दिलाय. तुझी लेक माझ्या गावात नांदते, म्हणजे ती माझीच, अन् तिच्यासाठी तू झोप मोडू नको.

तुझी
द्वारका

धामणवाडी, ता. भोकरदन
२४ जून २००६

द्वारके,

नमस्कार. जळत न्हाई, उलट बरं वाटलं. मागल्या महिन्यात माझ्याकडची एक बाई ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भोकरदनला नेली, वाटेतच मोकळी झाली, लेकरू गेलं. तुझ्यासारखी जीप चाळीस मिनिटांत आली असती तर वाचलं असतं. म्हणून फोनाला मी नावं ठेवणार न्हाई. पण तुझं ते ठिपक्याचं कौतुक मला पटलं न्हाई.

माझ्या थोरल्या बहिणीचं तुला माहीत आहे, तरी परत लिहिते. आठव्या महिन्यात तिचे पाय सुजले, डोकं दुखायला लागलं. घरच्यांनी लिंबू-पाणी दिलं, कपाळाला बाम चोळला. दुसऱ्या दिवशी झटके आले अन् दुपारपर्यंत संपली. बीपी हा शब्दसुद्धा तवा घरात कुणाला ठाऊक नव्हता. मी नर्स झाले ती तिच्यामुळं. ही गोष्ट घराण्यात उतरते असं आपल्याला शिकवलेलं आहे. पंचशीलाच्या वेळी माझंबी चढलं व्हतं.

म्हणून मला हिरवं-लाल सांगत जाऊ नको. आकडा लिहीत जा. दर खेपेला तिचे पाय दाबून बघ, खड्डा पडतो का. अन् लघवी परीक्षानळीत तापवून बघ, पांढरं साकळलं तर मला तारीख-वार लिही. बहिणीला मी हाताला धरूनसुद्धा वाचवू शकले न्हाई, लेक मला पाहिजे. यात मी मस्करी ऐकून घेणार न्हाई.

सातवा लागला की रीतीप्रमाणं ओटी भरून तिला माहेरी आणते. झुंबरबाईला, म्हणजे माझ्या विहिणीला, तसा निरोप दे. जावई जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात, पंधरा दिवसाला घरी येतो, त्याला इचारून काही उपयोग न्हाई.

कौसल्या

येळगव्हाण
२२ जुलै २००६

कौसल्ये,

किती गं घाबरवतेस! तुझं पत्र वाचून माझंच बीपी वाढलं.

घे तुझे आकडे. पंचशीला, सहावा महिना, १२०/८०, वजन ४७. लघवीचं म्हणशील तर फोनात तो रकानाच न्हाई. रकाना न्हाई म्हणजे साहेब इचारत न्हाईत, अन् आमचा स्पिरिटचा दिवा तर केव्हाचा कोरडा पडलाय. पायाला थोडी सूज असेल नसेल, दिवसभर रानात उभी असते पोरगी.

आता माझी मजा ऐक. या महिन्याच्या मीटिंगला साहेबांनी भिंतीवर मोठा पडदा लावला अन् आमची बावीस जणींची नावं वरून खाली झळकवली. पयला नंबर कुणाचा? बोल! कागदावर कागद लिहून तेवीस वर्षं झाली, कुणी "द्वारकाबाई, छान" म्हणलं न्हाई. त्या दिवशी टाळ्या वाजल्या. घरी आल्यावर ह्यांना सांगितलं तर म्हणले, पगार वाढला का? मी म्हणलं, गप बसा.

खालच्या नंबरच्या बायांचे मात्र हाल झाले. एक जरी रकाना रिकामा ठेवला तर मेसेज परत येतो, अन् किती परत आले ते पडद्यावर दिसतं. त्यांना उभं केलं. एकजण रडायलाच लागली, म्हणली, साहेब, बीपीचं मशीन बिघडलंय, काय भरू? साहेब म्हणले, मशीन बिघडलं, बोटं तर चालून राह्यलीत ना? सगळे हसले. मीबी हसले.

झुंबरबाईंना निरोप दिला. त्या म्हणतात, मुगाच्या शेंगा तोडायला आल्यात, दोन हात कमी पडतील, मूग घरात येऊ द्या, मंग खुशाल न्या. मी म्हणलं, आईला इचारून सांगते. मला इचारशील तर राहू दे महिनाभर. इथं फोन आहे, जीप आहे, मी आहे. तुझ्या धामणवाडीत काय आहे? तू अन् तुझी अकरा रजिस्टरं!

द्वारका

धामणवाडी
८ ऑगस्ट २००६

द्वारके,

पयल्या नंबराबद्दल अभिनंदन. मनापासून लिहिते, त्यात टोमणा शोधू नको.

मी पंचशीलाला वेगळी चिठ्ठी टाकल्ती. स्पष्टच इचारलं, मावशी दर वेळी दंडाला पट्टा बांधून बीपी बघते का? तिचं उत्तर आलं, "मावशी माझी लई काळजी घेते, तू बिलकुल चिंता करू नको." बाकी सगळं खुशालीचं. शेवटी एक ओळ अशी, की चपलेचा अंगठा घट्ट व्हायला लागला म्हणून तिनं तो ब्लेडनं कापून ढिला केला. हे तिनं गमतीनं लिहिलंय. मला गंमत वाटली न्हाई. तू तिचे पाय बघ अन् मला लिही.

तरीपण तुझ्या आकड्यावर भरवसा ठेवून मी एक चूक करून राह्यले की काय, कळत न्हाई. इथं आमच्याकडं कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनचं शिबिर लागलंय, सुट्टी मागितली तर आमच्यावरच्या मोठ्या बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. १२०/८० असलेल्या पोरीला आणायला शिबिर सोडून कशी जाऊ, हे मलाच पटवता आलं न्हाई. म्हणून झुंबरबाईला सांग, मूग निघू द्या. सप्टेंबरच्या दहा तारखेला मी येते, एक दिवस पुढं न्हाई. तवर ती तुझ्या हवाली.

आम्हाला दुसरं लेकरू न्हाई, हे तुला सांगायला नको.

कौसल्या

येळगव्हाण
२३ ऑगस्ट २००६

कौसल्ये,

तुझी खात्री पटावी म्हणून या पत्रासोबत पंचशीलाचा संगणकातला कागदच पाठवते. ऑफिसातल्या पोरानं माझ्यासाठी मुद्दाम काढून दिला, पयल्या नंबरचा मान! बघ कसा छापलाय, नाव, नवऱ्याचं नाव, तारखा, आकडे, सगळं एका ओळीत. आपल्या रजिस्टरात असं कधी दिसलंय का?

पायाचं म्हणशील तर सातव्या-आठव्यात कुणाचे पाय सुजत न्हाईत? माझ्या तिन्ही खेपेला मी ह्यांच्या चपला घालून हिंडत होते. पोरगी खाते, पिते, हसते. काल मुगाच्या रानातून परत जाताना केंद्रात डोकावली, माझ्यासाठी ओटीभर शेंगा आणल्या. जरा डोकं दुखतं म्हणली. मी म्हणलं, उन्हाचं असेल, पदर घेत जा डोक्यावर. गोळी दिली. हो, तीबी फोनात लिहिली!

पुढल्या महिन्यात मोठे साहेब आमचा प्रयोग बघायला येणार. माझ्या केंद्रात येणार म्हणून भिंतीला चुना मारून राह्यलो. फोटो निघाला तर तुला पाठवते.

द्वारका

येळगव्हाण
३ सप्टेंबर २००६

कौसल्ये,

घाईत लिहिते, टपालवाला थांबलाय.

बीपीचं नवीन मशीन आलं एकदाचं, साहेब येणार म्हणून जल्दी पाठवलं. जुनं जरा कुरकुर करायचं. सगळ्यात आधी पंचशीलालाच बोलावून बघितलं. थोडंसं वाढलंय, १३०/९०. घाबरायचं काम न्हाई, ठिपका हिरवाच आहे. पण माझं म्हणणं, दहा तारखेची वाट न बघता जमलं तर आधीच येऊन घेऊन जा. तिलाबी आईची आठवण येते, दुसरं काही न्हाई.

उद्या परत बघते अन् डॉक्टरांच्या कानावर घालते. मी आहे ना.

द्वारका

धामणवाडी
४ सप्टेंबर २००६

द्वारके,

तुझा तो छापील कागद आज दुपारी हातात पडला. मी उद्या पयल्या एसटीनं निघते, हे पत्र तुला मिळायच्या आधी मी तुझ्या दारात असेन. तरी लिहिते, कारण तोंडावर मला बोलता येणार न्हाई, अन् बोलले तर फार वाईट बोलेन.

जून महिना, ११८/७६. हा आकडा खरा आहे. पारा जिथं थांबला तिथला तो आकडा आहे. त्याच्या खाली जुलै, १२०/८०. ऑगस्टच्या सुरुवातीला १२०/८०. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात १२०/८०. वजन ४६, ४७, ४८, ४९. दर खेपेला बराबर एक किलो, ना पाव किलो जास्त ना कमी. द्वारके, माणसाचं बीपी सकाळी एक असतं, जिना चढलं की एक. तीनदा तेच्या तेच कुणाचं येतं गं?

तू मला फसवू शकत न्हाईस, याचं कारण तुला ठाऊक आहे. ९१ साली अंगणवाडीच्या लेकरांची वजनं मी काटा न लावता घरात बसून लिहिली व्हती. माझी सासू आजारी व्हती, गाव लांब, पावसात जायचा कंटाळा. तू ते रजिस्टर बघितलंस अन् म्हणलीस, कौसे, सगळी लेकरं सारखीच वाढलीत की! तू कुणाला सांगितलं न्हाईस, पण त्या दिवशी मी तुझ्या पायाशी बसून रडले व्हते. घरात बसून भरलेले आकडे कसे दिसतात ते मला दुसऱ्या कुणी शिकवायची गरज न्हाई.

मशीन बिघडलं असेल, साहेब वरडत असतील, मेसेज परत येत असेल. सगळं मान्य. मला एक चिठ्ठी टाकायची होतीस, "कौसल्ये, माझं मशीन बंद आहे." माझं मशीन कापडात बांधून मी स्वतः घेऊन आले असते. शिबिर गेलं असतं चुलीत.

चपलेचा अंगठा. डोकेदुखी. अन् पोरीचं ते उत्तर, "मावशी लई काळजी घेते." मी इचारलं व्हतं पट्टा बांधते का, अन् तिनं सांगितलं काळजी घेते. आज तीनदा वाचलं तवा कळलं, की पोरीनं माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलेलंच न्हाई.

मी भिऊन राह्यले. माझं मशीन पिशवीत भरून ठेवलंय. रस्त्यात गाडी बंद पडू नये एवढंच.

कौसल्या

धामणवाडी
२८ सप्टेंबर २००६

द्वारकाबाई,

पंचशीला गेली, हे तुम्हाला कळलेलं आहे. तुम्ही जलदानाच्या विधीला आला व्हता, लांब निंबाखाली उभ्या राह्यलात, न जेवता परत गेलात. मी बघितलं. मी मुद्दाम हाक मारली न्हाई.

काय काय झालं ते मी एकदा लिहून ठेवते, म्हणजे दोघींच्या मनात एकच गोष्ट राहील.

पाच तारखेला साडेअकराला मी येळगव्हाणला उतरले. पंचशीला आतल्या खोलीत अंधार करून पडली व्हती, उजेड सहन होत न्हाई म्हणली. तोंड सुजलेलं. मला म्हणली, "आई, तू दोन दोन दिसून राह्यलीस." मी माझ्या पिशवीतलं मशीन काढलं, पट्टा बांधला. १९०/१२०. तुम्ही दारात येऊन उभ्या व्हता. मी तुमच्या हातातून फोन घेतला, तुम्ही मागून काय दाबायचं ते सांगितलंत, मी गच्चीवर पळाले. पस्तीस मिनिटांत शिवाजी आला. मी त्याच्याबद्दल अन् फोनाबद्दल एक वाकडा शब्द बोलणार न्हाई. आकडा खरा दिला, तर फोनानं त्याचं काम चोख केलं. डॉक्टरांनी जालन्याला आधीच कळवून ठेवलं व्हतं, दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर घेऊन माणसं उभी व्हती. माझ्या नोकरीत असं मी कधी बघितलं न्हाई.

पण परतूरकडच्या वळणावर जीपमधेच पयला झटका आला. मी तिची जीभ दातात जाऊ नये म्हणून पदराचा बोळा धरून बसले. दुसरा दवाखान्यात आला. ऑपरेशन करून मुलगी काढली, दीड किलो. पंचशीला शुद्धीवर आलीच न्हाई. सात तारखेला दुपारी दोन वाजता गेली. लेकरू काचेच्या पेटीत व्हतं, परवा घरी आणलं. जगेल असं म्हणतात. मी चमच्यानं दूध पाजते.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला, नर्स म्हणून, खरं सांगितलं. म्हणल्या, सिस्टर, एक-दोन दिवस आधी आणली असती, झटका यायच्या आधी, तर बहुतेक वाचली असती.

तुमचं तीन तारखेचं पत्र मी पंधरा तारखेला घरी येऊन वाचलं. त्यात नवीन मशीन आलं असं आहे. पयल्यांदा पंचशीलालाच बघितलं असं आहे. १३०/९० असं आहे.

जुलै-ऑगस्टचं मी तुम्हाला इचारणार न्हाई. तुमची माफी मला नको, तुमची नोकरी घालवायला मी जाणार न्हाई. मला फक्त तीन तारखेचा आकडा सांगा. १३० चं १९० दोन दिवसांत होऊ शकतं. मी नर्स आहे, होतं कधी कधी असं. तसं झालं असेल तर तसं लिहा. तुम्ही मशीन येताच तिला बोलावलं, जे दिसलं ते लिहिलं, मला बोलावणं धाडलं, अन् पुढचं कुणाच्याच हातात नव्हतं, असं मी मानून घेईन. नातीला घेऊन तुमच्या दारी येईन अन् तिला सांगेन, ही तुझ्या आईची मावशी. शप्पथ घेऊन सांगते, मला तसंच असायला पाहिजे आहे. तेवीस वर्षांत मला तुमच्याएवढं जवळचं कुणी न्हाई.

खरं लिहा.

कौसल्या

येळगव्हाण
६ ऑक्टोबर २००६

कौसल्ये,

तू मला अहो-जाहो केलंस, ते बराबरच आहे. मी मात्र तुला तूच म्हणते, मला दुसरं येत न्हाई.

१७०/११०.

तीन तारखेला सकाळी दहा वाजता. मी दोनदा घेतलं. दुसऱ्यांदा १७२ आलं. पाय दाबले, बोट आत गेलं.

आता पुढचं वाच, कारण हे मी कुणापाशी बोलले न्हाई, ह्यांच्यापाशीबी न्हाई.

जुनं मशीन जूनच्या शेवटी बंद पडलं, फुग्यातून हवा जायची. दुरुस्तीला दिलं ते आलंच न्हाई. एकसष्ट बायांचे आकडे मी अंदाजानं टाकले. पंचशीलाला मी म्हणलं व्हतं, आईला मशीनचं सांगू नको, तिला वाईट वाटंल अन् माझी नोकरी जाईल. पोर म्हणली, मावशी, मी कशाला सांगू? तिच्यावर राग धरू नको, तिनं तुला खोटंबी सांगितलं न्हाई, फक्त मला सांभाळून घेतलं.

तीन तारखेला मी फोन घेऊन गच्चीवर गेले. १७० दाबलं. पाठवायचं बटण तेवढं राह्यलं व्हतं. अन् मला पडदा दिसला. दहा-बारा दिवसांपूर्वी १२० अन् आज एकदम १७०, साहेब इचारतील, बाई, हे कसं? मंग मागचे सगळे कागद काढतील. एकसष्ट बायांचे. मोठ्या साहेबांची पाहणी आठवड्यावर आली व्हती. मी १७० खोडलं अन् १३० टाकलं. मनात म्हणलं, आज १३०, उद्या १५०. उद्या लाल होईल, जीप येईल, अन् कुणाला संशय यायचा न्हाई. एक दिवसानं काय होतंय, असं मी म्हणलं. आकडा मी पायरी पायरीनं चढवणार व्हते, कौसल्ये, अन् तिचं बीपी माझ्या पायऱ्यांची वाट बघत बसलं न्हाई. चार तारखेला सकाळी रेंज गेली, टॉवरचं काही काम निघालं व्हतं, ती संध्याकाळी आली. तवर मी स्वतःला समजावलं, आता उद्या सकाळी. अन् पाचला तू आलीस.

तुझ्या लेकीचा जीव वाचवायला माझ्याकडं दोन दिवस व्हते अन् हातात फोन व्हता. डॉक्टरांना नुसता फोन लावला असता तरी जीप आली असती. त्याला मेसेजबी लागत न्हाई, रकानाबी लागत न्हाई.

हे सगळं मी साहेबांना लिहून नेऊन दिलं, सही करून. त्यांनी वाचलं अन् ड्रॉवरमधे ठेवलं. म्हणले, द्वारकाबाई, तुम्ही दुःखात आहात, सुट्टी घ्या. या पाहणीनंतर प्रयोग सगळ्या जिल्ह्यात जाणार आहे, जानेवारीत भोकरदनलाबी. तुमचे जुने आकडे आहेत तसे राहू द्या, इथून पुढं बराबर भरा म्हणजे झालं. मी त्याची नक्कल जालन्याच्या जिल्हा ऑफिसात रजिस्टर पोस्टानं धाडली, पोचपावती या पत्रात घातली आहे. तिथंबी कुणी ड्रॉवर उघडंल का, ठाऊक न्हाई. एकसष्ट बाया मी चार दिवसांत पायी हिंडून परत बघितल्या. तिघी लाल निघाल्या. तिघींना जीपनं पाठवलं. तुला फोन मिळेल तवा घे, नको म्हणू नको. पण पडद्यापुढं उभं राहायची वेळ आली, तर रिकामा रकाना ठेवून उभी रहा.

तू आकडा मागितलास, तो वर लिहिलाय. एक गोष्ट तू मागितली न्हाईस, ती सांगते, कारण ती तुझी आहे, माझ्याजवळ ठेवायचा मला हक्क न्हाई.

पट्टा सोडल्यावर पंचशीलानं बाही खाली ओढली अन् मला इचारलं, "मावशी, किती आलं?" मी म्हणलं, "बराबर आहे." तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला, म्हणली, "मंग येते मी, दोन ओळी शेंगा राह्यल्यात," अन् रानात गेली.

द्वारका